थंडीत सकाळी कॉम्प्युटर ढिम्म, अकरा वाजता आपोआप चालू: बोर्ड बदलायच्या आधी हे तपासा

डिसेंबर लागला की ओळखीतून हमखास एकाच तक्रारीचे फोन येतात. सकाळी बटण दाबलं की काहीच नाही, ना पंखा, ना लाईट, ना आवाज, आणि मग दहा-अकरा वाजता ऊन चढलं की तोच कॉम्प्युटर कोणी काही दुरुस्त न करता चालू होतो आणि रात्री दुकान बंद होईपर्यंत एकदाही अडत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. नाशिकची थंडी तुम्हाला माहितीच आहे, तिकडे निफाडला द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटवतात, पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, आणि इकडे सिडको, सातपूर, नाशिकरोडला पत्र्याच्या गाळ्यांमध्ये रात्रभर पडून असलेला कॉम्प्युटर सकाळी गारठलेला असतो.

या तक्रारीवर दुकानात बरेचदा एकच उत्तर मिळतं, बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, गेला. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सहा-सात वर्षं जुन्या मशीनचा बोर्ड बदलायचा म्हटला की तो मिळत नाही, मग नवीन बोर्ड, नवीन बोर्डाला जुना प्रोसेसर बसत नाही म्हणून नवीन प्रोसेसर, जुनी रॅम बसत नाही म्हणून नवीन रॅम, आणि एका साध्या बिघाडापायी माणूस अख्खं मशीन बदलून बसतो. जो कॉम्प्युटर दुपारी बारा ते रात्री नऊ टॅली, फोटोशॉप, प्रिंटिंग सगळं विनातक्रार करतो त्याचा बोर्ड गेला असण्याची शक्यता फार कमी असते. अशा वेळी पहिला संशय घ्यायचा तो एसएमपीएसवर, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यावर.

पण त्याआधी एक गोष्ट. "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय होतं ते नीट बघा, कारण यात सगळे सरसकट एकच वाक्य बोलतात आणि आतला प्रकार वेगवेगळा असतो. बटण दाबून पूर्ण शांतता असेल तर करंट बोर्डापर्यंत पोचतच नाहीये किंवा बटणाचा निरोप पोचत नाहीये. पंखा क्षणभर हलून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे नाहीतर एसएमपीएस लोड उचलत नाहीये. पंखे व्यवस्थित फिरतायत पण स्क्रीन काळी असेल तर तो वेगळाच विषय, त्याला दुकानात नो डिस्प्ले म्हणतात, तिथे रॅम, डिस्प्ले केबल, ग्राफिक कार्ड बघायचं. आणि चालू होऊन दहा-पंधरा सेकंदांत बंद पडत असेल तर प्रोसेसरचा पंखा किंवा पुढच्या यूएसबी पोर्टचा शॉर्ट बघायचा. फोनवर कोणाला विचारत असाल तर एवढं जरी बरोबर सांगितलं तरी समोरच्याचं निम्मं काम होतं.

आता भिंतीपासून सुरू करू. प्लगमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा, त्याच सॉकेटमध्ये, शेजारच्या नाही, कारण एक्स्टेंशन बोर्डात एखादंच सॉकेट ढिलं झालेलं असतं आणि थंडीत पत्री आकसली की तेवढीच पिन नीट चिकटत नाही. कॉम्प्युटरची पॉवर केबल मागून काढून परत घट्ट बसवा, हाताने हलवल्यावर जर चालू-बंद होत असेल तर केबल बदला, ती स्वस्तात मिळते आणि मॉनिटरलाही बरेचदा तीच केबल असते त्यामुळे अदलाबदल करून लगेच कळतं. एसएमपीएसच्या मागे छोटं स्विच असतं, त्यावर एक रेघ आणि एक गोल असतो, रेघेची बाजू दाबलेली पाहिजे. झाडू मारताना, कॅबिनेट सरकवताना ते बंद होतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. खूप जुन्या एसएमपीएसवर लाल रंगाचं ११५/२३० असं सरकवायचं बटण असतं, ते २३० वरच असलं पाहिजे, चुकून ११५ वर गेलं आणि आपल्याकडचा करंट दिला तर एसएमपीएस आवाज करून जळतो, त्यामुळे लहान मुलं असलेल्या घरात त्यावर सरळ टेप लावून टाका.

भिंत आणि कॉम्प्युटरच्या मधे युपीएस लावलेला असेल तर एकदा तो बाजूला काढून कॉम्प्युटर थेट भिंतीच्या प्लगला लावून बघाच. घरगुती ६०० व्हीएच्या युपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत उतरते, आणि काही युपीएस असे असतात की बॅटरी पूर्ण मेली की मेन लाईट असूनही आऊटपुट देत नाहीत. थंडीत लेड-ॲसिड बॅटरी आणखी सुस्त होते. म्हणजे युपीएसचं दुखणं आणि नाव कॉम्प्युटरचं. थेट लावून सलग दोन-तीन थंड सकाळी मशीन लगेच चालू झालं तर पुढचं काही वाचायचीही गरज नाही, युपीएसची बॅटरी बदला.

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी सकाळी ढिम्मच असेल, तर आता मुख्य मुद्दा. कॉम्प्युटर बंद असताना तो पूर्ण बंद नसतो. मेन स्विच चालू आहे तोपर्यंत एसएमपीएस जांभळ्या वायरवरून बोर्डाला सतत ५ व्होल्ट देत असतो, याला स्टँडबाय म्हणतात. आपण पुढचं बटण दाबतो ते काही थेट करंट जोडत नाही, ते फक्त बोर्डाला निरोप देतं, बोर्ड मग २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर ग्राऊंड करतो, तेव्हा एसएमपीएस जागा होऊन १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या मोठ्या लाईनी सुरू करतो, सगळं जागेवर आलं की १०० ते ५०० मिलिसेकंदांत राखाडी वायरीवरून ओके पाठवतो, आणि त्यानंतर प्रोसेसर कामाला लागतो. आता बघा, यात सगळ्यात आधी ती जांभळी वायर आली. स्टँडबायच कमजोर असेल तर बोर्डाला बटण दाबल्याचं कळतच नाही, तुम्ही कितीही वेळा दाबा.

हे स्टँडबाय थंडीतच का कमजोर पडतं? एसएमपीएसच्या आत गोल डब्यांसारखे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, त्यात द्रव भरलेला असतो. वर्षानुवर्षं गरम राहून तो द्रव हळूहळू सुकत जातो, साधारण हिशोब असा की दर १० अंश जास्त गरमीला कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं, म्हणून धुळीने पंखा जाम झालेला एसएमपीएस लवकर म्हातारा होतो. जो उरलासुरला द्रव असतो तो गारठ्यात, बाटलीतल्या खोबरेल तेलासारखा, घट्ट व्हायला लागतो आणि कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स वाढतो, साठवणूक कमी होते. उन्हाळ्यात तोच म्हातारा कपॅसिटर कसंबसं काम निभावून नेतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये तक्रार नसते. थंडीत मेन स्विच चालू करून ठेवलं की स्टँडबायचं सर्किट चालायचा प्रयत्न करत राहतं, त्यात थोडी ऊब तयार होते, बाहेर ऊनही चढतं, आणि तास-दोन तासांनी कपॅसिटर कामापुरता ताळ्यावर येतो. आपल्याला वाटतं आपोआप झालं.

माझ्या मामेभावाचं सिडकोत पवननगरला डीटीपीचं दुकान आहे. तुळशीचं लग्न झालं की लग्नपत्रिकांची कामं सुरू होतात, म्हणजे ऐन धंद्याच्या दिवसांतच थंडी. त्याचा फोन आला, "दादा, सकाळची गिऱ्हाईकं परत जातायत, बोर्ड गेला म्हणून सांगितलंय, काय करू, घेऊ का नवीन?" त्याला म्हटलं काही घेऊ नको, आधी मला सकाळचं मशीन बघू दे, दुपारचं बघून उपयोग नाही. हे फार महत्त्वाचं आहे, दुकानात मशीन नेईपर्यंत दुपार झालेली असते, तिथे ते लगेच चालू होतं, आणि मग दुकानदारही अंदाजाने काहीतरी बोलतो.

सकाळी शटर उघडल्या उघडल्या कॅबिनेटची बाजूची पत्री काढून ठेवली आणि मेन चालू केलं. बऱ्याच बोर्डांवर एक बारीक लाईट असतो, स्टँडबाय आलं की तो स्थिर लागला पाहिजे. इथे तो मंद होता आणि किंचित लुकलुकत होता, अंधारात नीट बघितल्याशिवाय कळलंही नसतं. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून काळी पिन कॅबिनेटच्या रंग नसलेल्या स्क्रूला लावली आणि लाल पिन २४ पिनच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरीच्या खाचेत सरकवली, कनेक्टर बोर्डावर तसाच लावलेला ठेवून. रीडिंग ४.२ च्या आसपास, तेही हलतं, एका जागी थांबेना. नियमाने हे ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये पाहिजे, म्हणजे ५ च्या पाच टक्के इकडे-तिकडे. भाऊ सारखा बटण दाबायला बघत होता, त्याला म्हटलं थांब, काहीही दाबू नको. तसंच चालू ठेवून आम्ही चहा घेतला, मीटर बघत बसलो, आकडा हळूहळू वर सरकत गेला, ४.४, ४.६, आणि ४.९ ला येऊन स्थिर झाला. लाईटही स्थिर. मग त्याला म्हटलं आता दाब. पहिल्या झटक्यात चालू.

पण एवढ्यावरही मी नवीन एसएमपीएस घ्यायला सांगितलं नाही. कारण कधी कधी बोर्डच स्टँडबायवर जास्त करंट खेचत असतो आणि त्यामुळे व्होल्टेज पडतं. म्हणून माझ्या घरचा दुसरा एसएमपीएस काढून रात्रीच त्याच्या मशीनला जोडून ठेवला, मेन बंद करून दुकान बंद केलं, आणि सकाळी तितक्याच थंडीत बटण दाबायला लावलं. लगेच चालू, जांभळीवर ५.०५. आता मात्र पक्कं झालं. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळं जुनंच आहे आणि आजही त्यावर पत्रिका बनतायत.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर नाही त्यांच्यासाठी एक बिनखर्चाची परीक्षा आहे. बरेच जण रात्री मेन स्विच बंद करून जातात, ते योग्यच आहे, पण फक्त एका रात्रीपुरतं कॉम्प्युटर बंद करून मेन चालू ठेवा. सकाळी बटण दाबल्या दाबल्या चालू झाला, आणि पुढच्या रात्री मेन बंद ठेवल्यावर सकाळी परत नाही झाला, तर संशय जवळजवळ पूर्ण एसएमपीएसवर जातो. याचा अर्थ रोज मेन चालू ठेवून दिवस काढा असा नाही हं. कमजोर स्टँडबायवर चालवत राहिलात तर एक दिवस तो बोर्डालाही सोबत घेऊन जाऊ शकतो, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं होईल. काही जण हेअर ड्रायरने मागून गरम हवा मारून चालू करतात, तेही बघितलंय, त्याने चालू होतोही, म्हणजे निदान बरोबर निघालं, पण तो उपाय नाही.

पेपर क्लिपची टेस्ट सगळ्यांना माहिती असते. मेन बंद, कनेक्टर बोर्डावरून आणि बाकी सगळीकडून काढलेला, हिरवी वायर आणि शेजारची काळी वायर क्लिपने जोडायची आणि मग मेन चालू करायचं. पंखा फिरला तर एसएमपीएस चालू होतोय एवढंच कळतं, चांगला आहे हे कळत नाही, कारण लोड नसताना म्हातारा एसएमपीएससुद्धा फिरतो. आणि उलटही, काही नवीन चांगल्या एसएमपीएसचा पंखा गरम झाल्याशिवाय फिरतच नाही, तिथे पंखा थांबलेला बघून घाबरू नका. वायरी सगळ्याच काळ्या असतील तर अंदाजाने क्लिप घालू नका. आणि कळकळीने सांगतो, एसएमपीएसचा डबा खोलू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे ते चारशे व्होल्टपर्यंत डीसी साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तसाच राहतो. फुगलेला कपॅसिटर बघायचा असेल तर जाळीतून टॉर्च मारून बघा, डोकं सपाट नसून वर फुगीर दिसलं किंवा तपकिरी डाग दिसला की झालं, हात घालायची गरजच नाही.

स्टँडबाय व्यवस्थित ५ व्होल्ट आहे, लाईट स्थिर आहे, तरी बटणाला दाद नाही, तर बटणच बघा. पुढच्या बटणाची वायर बोर्डाच्या कोपऱ्यात दोन पिनांवर बसलेली असते, शेजारीच रिसेटच्या दोन पिना असतात. दोन्ही वायरी अदलाबदल करा, म्हणजे रिसेटचं बटण पॉवरचं काम करेल. त्याने चालू झाला तर पॉवरचं बटण आतून खराब आहे किंवा धुळीने दाबलेलं राहिलंय, आणि रिसेट तसंही कोण वापरतं, तसंच ठेवून द्या.

पुढच्या यूएसबी पोर्टमध्ये टॉर्च मारून बघायला विसरू नका. सायबर, झेरॉक्स, सेतू केंद्रासारख्या ठिकाणी दिवसभर लोकांचे पेन ड्राईव्ह घुसवले जातात, आतली पत्री वाकते, एकमेकींना किंवा कडेला चिकटते, आणि मशीन चालूच होत नाही किंवा चालू होऊन काही सेकंदांत बंद पडतं. पुढच्या यूएसबीची वायर बोर्डावरून काढून एकदा चालू करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यातली तक्रार वेगळी असते. तेव्हा पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, कारण रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर ओलीने थर चढतो. मेन काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरून उरलेला करंट घालवायचा, मग रॅम काढून सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायची, भुसा झटकायचा, आणि दोन्ही बाजूंना क्लिक ऐकू येईपर्यंत बसवायची. दोन रॅम असतील तर एक-एक लावून बघा. आणि डिस्प्ले केबल ग्राफिक कार्डात आहे की बोर्डाच्या पोर्टात हेही बघा, कोणी मागे साफसफाई केली असेल तर हमखास चुकीच्या ठिकाणी लागलेली असते. बोर्डावरचा गोल सेल, सीआर २०३२, तो ३ व्होल्टचा असतो, उतरला की शक्यतो तारीख-वेळ चुकते एवढंच, पण काही बोर्ड त्यापायी चालूच होत नाहीत, किंमत किरकोळ आहे तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील तर बदलून टाका.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मात्र थांबा. तो बिघाड कॉम्प्युटरचा नाही, तुमच्याकडे अर्थिंग नाहीये. एसएमपीएसमधला फिल्टर अर्थिंगच्या भरवशावर असतो, अर्थिंग नसेल तर बॉडीवर निम्मा व्होल्टेज येऊन बसतो, करंट अगदी कमी असतो पण प्रिंटर-मॉनिटरच्या केबल लावता-काढताना पोर्ट उडू शकतात. वायरमनला बोलवून अर्थिंग नीट करून घ्या, तीन पिनच्या प्लगची वरची जाड पिन कापून चालवणाऱ्यांना तर माझी हात जोडून विनंती आहे.

आता नवीन एसएमपीएस घ्यायचा ठरला तर एमजी रोडला किंवा कुठेही जा, डब्यावरचा मोठा आकडा बघून घेऊ नका. बाजूचं लेबल वाचा, १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते बघा आणि गुणाकार करा. वर ४५० वॅट लिहिलेलं आणि १२ व्होल्टला १६ अँपिअर असेल तर कामाच्या लाईनवर तो फक्त १९२ वॅटचा आहे. ग्राफिक कार्ड नसलेल्या ऑफिसच्या मशीनला प्रत्यक्षात शंभर वॅटच्या आतबाहेरच लागतं, त्यामुळे उगाच ७५० च्या मागे न लागता ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवतो असं सांगणारा) शिक्का असलेला, वॉरंटी असलेला साधा ४००-४५० पुरतो. वजनाने हलका फुलका असेल तर दोनदा विचार करा. बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या, कारण पुढच्या थंडीत लागलं तर तेच कामाला येणार.

जोडताना २४ पिनचा मोठा कनेक्टर तर सगळेच लावतात, प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनचा छोटा कनेक्टर विसरतो, आणि मग पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही म्हणून परत बोर्डावर बालंट येतं. एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे केबल सुट्या निघणाऱ्या असतील, तर जुन्याच्या केबल नवीनला लावू नका, टोक सेम दिसलं तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात हार्ड डिस्क जाते. डेटा जाणं हे एसएमपीएस जाण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, म्हणून जुन्या केबल जुन्या डब्यातच बांधून ठेवा आणि नवीनसोबत आलेल्याच वापरा.